मदत हवी आहे: 'गिव्ह अप' आणि 'गिव्ह अप ऑन' यांतला फरक मुलांना कसा सांगावा?

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या नववीला इंग्रजी शिकवते. सध्या 'गिव्ह अप'पाशी वर्ग अडलाय.

सवय सोडणे हा अर्थ मुलांना पटकन कळला. पुढे क्रियापद आलं तर त्याला आयएनजी लागतं, म्हणजे 'ही गेव्ह अप स्मोकिंग', 'टू स्मोक' नाही, हेही बसलं. सर्वनाम मध्ये येतं, 'गिव्ह इट अप', हे तोंडी सरावाने पक्कं झालं. बसमध्ये आजींना जागा देणं आणि कोडं सुटेना म्हणून हार मानणं, हे अर्थ तर मुलांनी अभिनय करून दाखवले. फार छान केलं त्यांनी!

घोळ होतो तो माणसांच्या बाबतीत. 'ही गेव्ह हिमसेल्फ अप' म्हणजे तो पोलिसांच्या स्वाधीन झाला आणि 'शी गेव्ह अप ऑन हिम' म्हणजे तिने त्याची आशाच सोडली. मुलं दोन्हीकडे 'सोडून दिलं' असंच लिहितात. शब्दकोशातले अर्थ फळ्यावर लिहून दिले, पण स्वतःचं वाक्य करताना 'गेव्ह हिम अप ऑन' येतंच.

व्याकरणाच्या संज्ञा नकोत, मुलं बिचकतात. प्रोजेक्टर नाही, फळा-खडूच आहे. 'गिव्ह इन'शी तुलना नंतर करणार आहे, ती आत्ता नको.

'ऑन' आला की अर्थही बदलतो आणि सर्वनामही शेवटी जातं, हे एकाच खेळातून किंवा वाक्यांच्या जोडीतून तुम्ही कसं शिकवाल?