०.३५ मोठे की ०.८?

डिचोलीची आई:
मुलगा पाचवीत. ‘३५ हे ८ पेक्षा मोठे, म्हणून ०.३५ मोठे’ असं ठासून सांगतो. शेजारणीने युक्ती दिली, आकडे कमी ती संख्या मोठी. झालं! आता ०.२ सुद्धा ०.३५ पेक्षा मोठे म्हणतो. काय करू?

निवृत्त मास्तर:
तो ‘शून्य पॉइंट पस्तीस’ वाचतो ना? घोळ तिथेच. ‘तीन पाच’ म्हणायला लावा. दशांशचिन्हानंतरचं पहिलं घर दशांशाचं, दुसरं शतांशाचं. ०.३५ मध्ये दशांश ३, ०.८ मध्ये ८. पहिल्याच घरात निकाल लागला, पुढे बघायचंच नाही. आणि ती युक्ती शेजारणीला परत करा.

म्हापशेकर:
ताई, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात न्या त्याला. इलेक्ट्रॉनिक काट्यावर ०.८ किलो बांगडे ०.८०० दिसतात, म्हणजे ८०० ग्रॅम. ०.३५ म्हणजे ३५०. शेवटी शून्यं लावून वजन वाढत नाही. पण चिन्हाला चिकटून शून्य घातलं की ०.०८, फक्त ८० ग्रॅम! धड एक बांगडा येणार नाही.

निवृत्त मास्तर:
आमच्या लहानपणी, पोर्तुगीज अमलात, गोव्याच्या रुपियाचे (तेव्हाच्या रुपयाचे) १६ ‘टांगा’ व्हायचे. १९५९ साली १०० सेंताव्हूंचा एस्कुदो हे नवं चलन आलं, तेव्हा कुठे हिशेब सुटसुटीत झाला.

डिचोलीची आई:
नेलं. काट्यावर ०.६४५ आलं. ‘सहा दशांश, चार शतांश, पाच सहस्रांश’ बरोबर वाचलंन. वर मासळीवालीसमोरच विचारतो, ‘आई, मग पैसे साडेसहाशे ग्रॅमचे का दिलेस?’