प्रोत्साहनपर रकमेमुळे आकडे सुधारले, काम मात्र बिघडले: नेमके कुठे चुकले?

प्रश्न

मी एका सेवा कंपनीत ग्राहक-तक्रार विभागाचे काम पाहतो. तक्रारी फार दिवस पडून राहतात अशी ओरड होती, म्हणून वर्षभरापूर्वी आम्ही ४८ तासांत निकाली निघणाऱ्या प्रत्येक तक्रारीमागे संबंधित कर्मचाऱ्याला ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. पहिल्या तिमाहीचे आकडे पाहून वरिष्ठ खूश झाले. मग एका दुपारी मी सहज एका ग्राहकाची जुनी नोंद उघडली, तर एकाच बिघाडाच्या पाच तक्रारी दिसल्या आणि पाचांपुढेही ‘निकाली’ असा शेरा होता. सत्तेचाळिसाव्या तासाला तक्रार बंद करायची, ग्राहकाला ‘नव्याने नोंदवा, लगेच बघतो’ असे सांगायचे आणि नव्या क्रमांकावर घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू करायचे, अशी ही रीत होती. यात एकही नियम मोडलेला नव्हता. शिवाय किचकट तक्रारी नवशिक्यांच्या गळ्यात मारल्या जात होत्या, हेही नंतर कळले.

आता व्यवस्थापनात दोन तट पडले आहेत. रक्कम सरळ बंद करावी असे काहींना वाटते, तर काहींच्या मते तिच्या जोडीला उशिराबद्दल दंडही हवा. उद्योगात किंवा सरकारी कारभारात असा पेच कसा सुटला, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

तुमचे कर्मचारी बेइमान आहेत असे मला वाटत नाही. तुम्ही ज्याचे पैसे दिलेत, ते त्यांनी चोख करून दाखवले. सन १९०२ मध्ये हानोईच्या फ्रेंच प्रशासनाने उंदीर मारण्यासाठी इनाम लावले आणि पुरावा म्हणून फक्त शेपटी मागितली. थोड्याच दिवसांत गटारांतून शेपूट तुटलेले उंदीर हिंडताना दिसू लागले, कारण जिवंत सोडलेला उंदीर पिल्ले देतो आणि प्रत्येक पिल्लाला नवी शेपटी असते. शहराबाहेर उंदीरपालनही सुरू झाल्याचे आढळले, तेव्हा इनाम गुंडाळावे लागले. तुमची ‘निकाली’ तक्रार ही अशीच शेपटी आहे. (अवांतर: दिल्लीतील नागांच्या इनामाची गोष्ट याच संदर्भात नेहमी सांगितली जाते, पण तिचा त्या काळातील ठोस पुरावा कोणी दाखवत नाही. हानोईची घटना मात्र वसाहतीच्या दप्तरात नोंदलेली आहे.)

पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे, यात खरी मेख असते. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला कैदी नेणाऱ्या ‘सेकंड फ्लीट’च्या कंत्राटदारांना दर कैद्यामागे ठरलेली रक्कम मिळत असे, मग तो पोहोचताना जिवंत असो वा नसो. सन १७९० मध्ये ती जहाजे सिडनीला लागली, तोवर जवळपास एक चतुर्थांश कैदी वाटेत दगावले होते. वाचलेला शिधा बंदरावर विकता येत असल्याने उपाशी कैदी कंत्राटदाराच्या फायद्याचाच होता. पुढच्या करारांत रकमेचा काही भाग कैदी धडधाकट उतरण्याशी जोडला गेला आणि देखरेखही वाढली, तसे मृत्यूंचे प्रमाण पुष्कळ उतरले.

प्रतिसाद २

दंडाच्या बाबतीत सबुरीने घ्यावे. इस्रायलमधील हैफा येथे दहा पाळणाघरांवर झालेला प्रयोग युरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केला. त्यांपैकी सहा ठिकाणी मुलाला न्यायला दहा मिनिटांहून अधिक उशीर करणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला, तेव्हा उशिरा येणारे वाढत वाढत जवळपास दुप्पट झाले. बाईंना ताटकळत ठेवल्याची जी भीड पूर्वी वाटत असे, तिची जागा दराने घेतली होती, आणि पैसे भरले की हिशेब मिटत होता. पुढे दंड रद्द झाला, पण गेलेली भीड परत आली नाही आणि उशीर तेवढाच राहिला.

म्हणून दंड सर्वत्र निकामी ठरतो, असे मात्र नाही. आयर्लंडने २००२ साली प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंट कर लावला आणि पिशव्यांचा वापर ९० टक्क्यांहून अधिक घटला. तिथे जे मोजायचे आणि जे कमी करायचे, ते एकच होते, आणि ते मोजण्यात कोणाला हातचलाखीही करता येत नव्हती. तुमच्या ४८ तासांचे तसे नाही.

प्रतिसाद ३

वरील दोघांशी बहुतांशी सहमत आहे, पण रक्कम बंद करण्याची घाई नको. अमेरिकेत गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या सेफलाइट कंपनीने १९९४ च्या सुमारास तासाच्या मजुरीऐवजी काचेमागे मजुरी द्यायला सुरुवात केली. अर्थशास्त्रज्ञ एडवर्ड लझीर यांच्या अभ्यासानुसार दर कामगारामागे होणारे काम ४४ टक्क्यांनी वाढले. त्यातील साधारण अर्धी वाढ जुन्याच कामगारांनी अधिक काम केल्यामुळे झाली, तर बरीचशी उरलेली वाढ चपळ माणसे तिथे येऊन टिकल्यामुळे. नगावर मजुरी दिली की गुणवत्ता घसरते, हा अनुभव सर्वांचाच आहे, पण तिथे वाईट बसवलेली काच त्याच कामगाराला स्वतःच्या वेळात पुन्हा बसवावी लागत असे आणि नव्या काचेचा खर्चही त्याच्यावर पडत असे. माझ्या मते त्या योजनेचा जीव या कलमात होता.

बेंग्ट होल्मस्ट्रॉम आणि पॉल मिलग्रॉम यांनी १९९१ मध्ये हेच तत्त्व मांडले: एका माणसाकडे अनेक कामे असतील आणि त्यांपैकी एकच मोजता येत असेल, तर त्या एकावर मोठे इनाम लावल्यास बाकीच्यांची उपेक्षा होते, आणि अशा वेळी सरळ पगार दिलेला परवडतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

काचेचे कलम नेमके आमच्या कामाचे आहे. आता असे सुचवणार आहे की, त्याच ग्राहकाने त्याच बिघाडासाठी ३० दिवसांत पुन्हा संपर्क केला तर आधीची रक्कम वजा व्हावी आणि ती तक्रार मूळ कर्मचाऱ्याकडेच परत जावी. तक्रारींचे वाटपही क्रमाने संगणकच करील, म्हणजे कोणाला सोपी निवडून घेता येणार नाही. दंडाचा विषय मी मागे घेतो.

प्रतिसाद १ (पुन्हा)

एक फट राहते. कंटाळून गप्प बसलेला ग्राहक तुमच्या नव्या हिशेबात समाधानी म्हणून मोजला जाईल, आणि त्याला कंटाळा आणण्याच्या युक्त्या कर्मचाऱ्यांना महिन्याभरात सापडतील. दर आठवड्याला ‘निकाली’ तक्रारींपैकी वीस-पंचवीस चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि या रकमेशी ज्याचा काडीचाही संबंध नाही अशा माणसाने त्या ग्राहकांना दूरध्वनी करून बिघाड खरोखर गेला का, एवढेच विचारावे. ही जबाबदारी विभागप्रमुखाकडे देऊ नये, कारण आकडे चांगले दिसण्यात त्याचाही स्वार्थ असतो.