27 टक्के म्हणजे नक्की किती? अल्झायमरच्या नवीन औषधाबद्दल विचारायचं होतं

मुक्ता_म

नमस्कार मंडळी, आईला अल्झायमरची सुरुवात आहे असं न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलंय. अजून स्वतःचं सगळं स्वतः करते, पण तोच प्रश्न दहा मिनिटांनी परत विचारते, पैशांचे हिशोब चुकतात, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळते. आमच्या नातेवाईकांच्या ग्रुपवर लेकानेमॅब नावाच्या औषधाची बातमी फिरतेय की त्याने आजार 27 टक्क्यांनी मंदावतो. भाऊ म्हणतो लगेच सुरू करूया, उशीर झाला तर आयुष्यभर मनाला लागून राहील. डॉक्टर मात्र म्हणाले घाई करू नका, फरक लहान आहे आणि औषध जपून द्यावं लागतं.

माझं डोकं इथेच अडलंय. 27 टक्के लहान कसे? शंभरातले सत्तावीस जण बरे होतात असं आहे का? की आई 27 टक्के बरी होईल? आणि याच आजारावर आधी एक औषध येऊन बंद पडलं, शिवाय एका गाजलेल्या पेपरमधली चित्रंच फेरफार केलेली निघाली असंही वाचलं. मग या संशोधनावर भरवसा ठेवायचा तरी किती? कुणी या क्षेत्रातलं असेल तर प्लीज नीट समजावून सांगा, मी सायन्सवाली नाहीये पण वाचायची तयारी आहे.

---

आकडेमोड

मुक्ता, मी ट्रायल्सच्या डेटावर काम करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे फक्त आकड्यांचं सांगतो.

दोन्ही अर्थ बरोबर नाहीत. त्या ट्रायलचं नाव क्लॅरिटी एडी, 1795 लोक, सगळे सुरुवातीच्या टप्प्यातले, निम्म्यांना दर दोन आठवड्यांनी शिरेतून लेकानेमॅब आणि निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं सलाईन, म्हणजे प्लासिबो, 18 महिने. आजार किती पुढे गेला ते मोजायला एक स्केल वापरली, सीडीआर-एसबी. त्यात सहा गोष्टी बघतात: स्मरण, वेळ-ठिकाणाचं भान, निर्णय घेणं, बाहेरचे व्यवहार, घरकाम आणि छंद, स्वतःची काळजी. प्रत्येकाला 0 ते 3, एकूण 0 ते 18, आणि आकडा वाढला म्हणजे आजार वाढला. हे मार्क पेशंटशी आणि घरच्यांशी, दोघांशी बोलून देतात, त्यामुळे तुम्ही वर लिहिलंय ना की हिशोब चुकतात, रस्त्यात गोंधळते, ते सगळं त्यात येतं.

सुरुवातीला दोन्ही गटांचे सरासरी गुण साधारण 3.2 होते. 18 महिन्यांनी प्लासिबोवाल्यांचे 1.66 ने वाढले आणि औषधवाल्यांचे 1.21 ने. फरक 0.45. आता 0.45 भागिले 1.66 केलं की 27 टक्के येतात, बातमीतला आकडा तो. म्हणजे औषध घेणारेसुद्धा खालीच गेले, फक्त थोडे हळू. 18 पैकी अर्ध्या गुणाहूनही कमी फरक आहे आणि 27 टक्केही आहे, दोन्ही वाक्यं खरी आहेत, पण ऐकणाऱ्याच्या मनात वेगवेगळं चित्र उभं राहतं, आणि बातमीत नेहमी मोठं दिसणारं वाक्य जातं याचा मला खरंच राग येतो कारण ते वाचून तुमच्यासारखी माणसं घरी वाद घालत बसतात.

हे फक्त या औषधाचं नाही. सेमाग्लुटाइड, म्हणजे डायबिटीस आणि वजनासाठीचं औषध, त्याची सिलेक्ट नावाची ट्रायल घ्या, 2023 ची, 17,604 माणसं, हृदयविकार असलेली, वजन जास्त पण डायबिटीस नाही. बातमी आली की हार्ट अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने मृत्यू यांचा धोका 20 टक्क्यांनी कमी. खरं आहे. पण मूळ आकडे बघा, सरासरी तीन वर्षांहून जास्त काळात प्लासिबो गटात 8 टक्के लोकांना यातलं काहीतरी झालं आणि औषध गटात 6.5 टक्के. म्हणजे साधारण 67 जणांनी तेवढा काळ औषध घेतलं की एकाचा त्रास टळतो. माझ्या मते हा चांगला निकाल आहे, उगाच कमी लेखू नये, पण 20 टक्के ऐकून पाचातला एक वाचला असं वाटतं तसं ते नाही.

---

डॉ_सायली

मी न्यूरॉलॉजीत आहे. आकडेमोड यांनी छान सांगितलंय, दुसरी बाजू मी सांगते कारण तुमचे डॉक्टर घाई करू नका म्हणाले त्यामागे बहुतेक तीच असावी.

या औषधांनी मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव होऊ शकतो, आम्ही त्याला आरिया म्हणतो. क्लॅरिटी एडीत सुजेचा प्रकार औषध गटात 12.6 टक्के लोकांत दिसला, प्लासिबोत 1.7 टक्के. बहुतेकांना काहीच जाणवलं नाही, फक्त एमआरआयमध्ये दिसलं, लक्षणांसकट सूज साधारण 2.8 टक्के जणांत. पण हा सरासरी आकडा तुमच्या आईला लागू करू नका, कारण हे सगळं एपीओई-4 नावाच्या जीनवर फार अवलंबून आहे. ज्यांच्यात त्याच्या दोन्ही प्रती आहेत त्यांच्यात सूज जवळजवळ 33 टक्के, एक प्रत असेल तर साधारण 11, एकही नसेल तर 5 च्या आसपास. म्हणून आधी जीन टेस्ट, आधी एमआरआय, औषध सुरू झाल्यावर ठरलेल्या वेळी परत परत एमआरआय. युरोपात तर 2024 च्या जुलैमध्ये औषधांची शिफारस करणाऱ्या समितीने आधी नाहीच म्हटलं होतं, मग नोव्हेंबरमध्ये फेरविचार करून फक्त शून्य किंवा एक प्रत असलेल्यांसाठी शिफारस केली.

आणि ट्रायलमध्ये कोण होतं तेही बघा. 50 ते 90 वय, सौम्य टप्पा, आणि मेंदूत अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये साठणारं आणि हे औषध काढून टाकतं ते प्रथिन, आहे हे पेट स्कॅनने (PET, मेंदूचा एक खास स्कॅन) किंवा पाठीच्या मणक्यातलं पाणी तपासून सिद्ध झालेलं. नुसत्या लक्षणांवरून अल्झायमर म्हटलेल्या माणसाला हे औषध द्यायचंच नाही, कारण विसरभोळेपणाची कारणं बरीच असतात. तुमच्या आईची ती तपासणी झालीय का हे आधी विचारा. 2025 च्या मे महिन्यात अमेरिकेत एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, रक्ताच्या एका टेस्टलाही मान्यता दिली, पी-टाऊ 217 (या आजाराशी संबंधित दुसरं प्रथिन) आणि अमायलॉइडचं गुणोत्तर बघणारी, 55 च्या पुढच्या आणि लक्षणं असलेल्यांसाठी, पण ती सुद्धा बाकीच्या तपासण्यांसोबत वाचायची असते, एकटी नाही.

---

रातराणी

मुक्ता, मी डॉक्टर नाही, माझ्या सासूबाईंचं सगळं आम्ही घरी केलं त्यावरून सांगते. फरक लहान आहे हे ऐकून लगेच खट्टू होऊ नकोस गं. वरचेच आकडे सरळ रेषेत धरले तर प्लासिबोवाले तेराव्या महिन्याच्या आसपास जिथे पोचले तिथे औषधवाले अठराव्या महिन्याला पोचले, म्हणजे पाचेक महिने. ज्या माणसाला आपल्या मुलांची नावं आठवतायत, स्वतः आंघोळ करता येतेय, फोनवर बोलता येतंय, त्याचे पाच महिने थोडे नसतात. ज्याच्या घरी हे झालंय त्यालाच ते कळतं. संशोधक मंडळी म्हणतात की एक-दोन गुणांचा फरक असेल तरच रोजच्या आयुष्यात जाणवतो, मग मला विचारावंसं वाटतं की कुणाला जाणवतो?

---

आकडेमोड

रातराणी, तुमचा मुद्दा मला पटतो, आणि शास्त्रीय वादसुद्धा साधारण इथेच आहे. एक-दोन गुणांची ती फूटपट्टी आली ती एकेका माणसात कालांतराने किती घट झाली की डॉक्टरला बिघाड झाला असं वाटतं यावरून. ती दोन गटांच्या सरासरीतल्या फरकाला लावणं बरोबर नाही असं बरेच जण म्हणतात आणि मलाही तसंच वाटतं. पण उलट बाजूने, पाच महिने मिळाले हे म्हणणं पण सरासरीचंच आहे, एका विशिष्ट पेशंटला किती मिळतील ते त्यातून निघत नाही, कुणाला काहीच नाही मिळणार, कुणाला जास्त. आणि 18 महिन्यांपुढे हा फरक वाढतो की तेवढाच राहतो, हे ठरवायला पुढचा डेटा आहे तो बिनप्लासिबोचा, सगळ्यांना औषध दिलेला, त्याचं वजन तेवढं नाही धरता येत.

---

वाचक_निखिल

आधीच्या औषधाचं आणि त्या पेपरचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. मी मॉलेक्युलर बायोलॉजीत शिकवतो.

बंद पडलेलं औषध म्हणजे अडुकानुमॅब, तेही अमायलॉइड काढणारंच. 2019 च्या मार्चमध्ये त्याच्या दोन्ही मोठ्या ट्रायल्स उपयोग होईल असं वाटत नाही म्हणून मध्येच थांबवल्या होत्या, नंतर कंपनीने डेटा परत तपासून म्हटलं एका ट्रायलमध्ये फायदा दिसतोय. तज्ज्ञांच्या समितीने विरोधात मत दिलं तरी एफडीएने 2021 च्या जूनमध्ये मान्यता दिली, आणि ती कशावर, तर मेंदूतलं अमायलॉइड कमी होतं यावर, माणूस बरा राहतो यावर नाही. शेवटी 2024 च्या सुरुवातीला कंपनीने ते सोडून दिलं. रिपोर्टमधली गोष्ट सुधारली म्हणजे माणूस सुधारला असं धरून चालणं किती महागात पडतं याचं जुनं उदाहरण म्हणजे कास्ट ट्रायल. हार्ट अटॅकनंतर ठोके अनियमित पडतात ते थांबवणारी एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं, ठोके खरंच सुधारत होते, सगळ्यांना वाटलं मृत्यूही कमी होणार, आणि 1991 मध्ये पूर्ण आकडे छापून आले तेव्हा औषध घेतलेल्या 755 पैकी 63 मेले होते आणि प्लासिबोवाल्या 743 पैकी 26. हे आकडे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर लिहितो. लेकानेमॅबचं वेगळं हे की त्यात अमायलॉइड पण उतरलं आणि माणसांच्या गुणांतही फरक दिसला, लहान का होईना.

फेरफार केलेल्या चित्रांचा तो पेपर 2006 चा, नेचर या विज्ञान नियतकालिकातला, अमायलॉइडच्या एका विशिष्ट रूपाबद्दल, 2024 च्या जूनमध्ये मागे घेतला. झालं ते वाईटच, त्यात बऱ्याच लोकांची वर्षं गेली. पण अमायलॉइडमुळे अल्झायमर होतो ही सगळी कल्पना त्या एका पेपरवर उभी नव्हती. जनुकांचा पुरावा बराच भक्कम आहे. उत्तर स्वीडनमधल्या एका कुटुंबात अमायलॉइड ज्यापासून बनतं त्या जीनमध्ये एक म्युटेशन, म्हणजे बदल, सापडला, आर्क्टिक म्युटेशन, त्यात अमायलॉइडच्या बारीक साखळ्या लवकर तयार होतात आणि माणसाला कमी वयात आजार होतो, लेकानेमॅबची मूळ कल्पना त्याच कामातून आली. उलट आइसलँडमध्ये त्याच जीनमधला असा बदल सापडला, 2012 ची गोष्ट, की तो असलेल्यांना अल्झायमर कमी होतो. एकच जीन, एक बदल आजार आणतो आणि दुसरा वाचवतो, हे वाचून मी त्या दिवशी दुसरं कामच केलं नव्हतं.

---

मुक्ता_म

सगळ्यांचे मनापासून आभार, भावाला धागा पाठवला, त्याने पूर्ण वाचला आणि पहिल्यांदाच आम्ही न भांडता बोललो. सायलीताई, आईची पेट स्कॅन किंवा पाण्याची तपासणी झालेली नाही, फक्त एमआरआय आणि प्रश्नोत्तरांची टेस्ट. अजून एक, आईचे ठोके अनियमित आहेत म्हणून रक्त पातळ करायची गोळी रोज चालू आहे. त्याने फरक पडतो का?

---

डॉ_सायली

पडतो, आणि बराच पडतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर असताना मेंदूत रक्तस्राव झाला तर तो मोठा होऊ शकतो, म्हणून युरोपात अशा पेशंटना लेकानेमॅब द्यायचंच नाही असा नियम आहे, अमेरिकेत खूप सावधगिरीची सूचना आहे. आणि हे औषध मिळावं म्हणून ती गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका, अनियमित ठोक्यांत स्ट्रोकचा धोका खरा असतो आणि स्ट्रोकने डोक्याचं जे नुकसान होईल ते 0.45 गुणांनी भरून निघणार नाही. न्यूरॉलॉजिस्ट आणि हृदयाचे डॉक्टर दोघांना एकमेकांची औषधं माहीत आहेत ना ते बघा. एमआरआयचा रिपोर्ट हातात असेल तर त्यात मायक्रोब्लीड, म्हणजे मेंदूतले जुने बारीक रक्तस्रावाचे ठिपके, असं काही लिहिलंय का ते वाचा, चारपेक्षा जास्त असलेल्यांना ट्रायलमध्ये घेतलंच नव्हतं. इथे लिहिलात तर बघते, नाव काढून टाका फक्त.