शाळेचा आनंदमेळा: करणाऱ्यांनी लिहा

मेळ्याच्या कामांची यादी ग्रुपवर आली आणि सगळं आठवलं. स्टॉल कोण लावणार ते ठरलंय, कुपनं कोण मोजणार ती जागा कोरी! स्टॉलवर रोख घेऊच नये, सुट्ट्या पैशांपायी रांग तुंबते. दोन किमतींची, दोन रंगांची कुपनं, मागे शाळेचा शिक्का. घेतल्या घेतल्या कोपरा फाडून बंद डब्यात, नाहीतर तेच कुपन फिरून परत येतं. विक्री शेवटच्या अर्ध्या तासात बंद. बाकीच्यांनीही लिहा.

+१. विक्रीचं टेबल फाटकातच नको, थोडं आत घ्या. नाहीतर रांग रस्त्यावर.

चेहरे रंगवण्याचं गणित कोणीच करत नाही. एका मुलाला ५ मिनिटं, म्हणजे २ तासांत एका माणसाकडून २४च मुलं. पाटीवर तीनच नक्ष्या ठेवा. हस्तकलेचे ॲक्रिलिक रंग गालाला अजिबात लावू नका, त्वचेसाठीचेच हवेत. स्पंज प्रत्येकाला वेगळा.

वाघाच्या मिशा काढल्यावर तासभर डरकाळ्या, ते धरलंत का गणितात? 😀

डबे पाडायचा खेळ: ३-२-१ असा मनोरा. खालच्या तिघांत मूठ-मूठ वाळू, झाकण चिकटपट्टीने पक्कं. रिकामे डबे वाऱ्यानेच पडतात, मग "माझाच नेम होता" सुरू. पहिलीवाल्यांना रेघ जवळ, चौथीला लांब. चेंडू कापडी. मागे जुनी चादर टांगाच, नाहीतर चेंडू हुडकण्यातच निम्मा वेळ.

फरसबंदी आवारात मंडपाला खुंट्या ठोकता येत नाहीत. २० लिटरचा भरलेला कॅन म्हणजे २० किलो, तो प्रत्येक पायाला बांधा. तरी वारा वाढला तर छत उतरवायचं, धरून उभं राहायचं नाही.

घाईत लिहितेय, कुकर लावलाय. एक्स्टेंशनचं रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली वायर भाराने तापते. किटली आणि माईक एका लाइनवर नको, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा खटका) पडला की माईकही गेला.

गेला तर बरंच, भाषणं टळतील.

भाषणं टळू देत, हरवलेल्या मुलांसाठी माईक लागतो. छोट्यांच्या मनगटाला कागदी पट्टी, पालकांचा नंबर आतल्या बाजूला. घोषणेत मुलाचं नाव घेऊ नका, कोणीही येऊन "माझंच" म्हणेल. नाव पालकांनी सांगायचं.

हे माहीत नव्हतं, धन्यवाद.

अवांतर: पताकांच्या चिकटपट्टीने भिंतीचे पोपडे निघतात, उपाय?

मास्किंग टेप. त्याच संध्याकाळी काढायची, उन्हात राहिली की गोंद भिंतीलाच बसतो.