नुसता पट्टा रंगवून भागणार नाही

सोलापूरच्या नवी पेठेत, म्हणजे भर बाजारात, सायकल ट्रॅक करायचा म्हटलं की त्यावर गाड्याच लागणार आणि सोलापूरच्या उन्हात सायकल चालवणार कोण, असे दोन आक्षेप घेतले जातात. पहिला शंभर टक्के मान्य. नुसता पट्टा मारला तर संध्याकाळच्या आत त्यावर दुचाक्या लागल्याच म्हणून समजा. मधे दगडी कठडा हवाच.

दुसरा नाही पटत. पूर्व भागात वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला पायी निघालेल्या बायका, यंत्रमागावर कामाला सायकलने जाणारे कामगार उन्हातच जातात की! फक्त त्यांना कुणी 'सायकलस्वार' म्हणत नाही. त्यांना सावली द्या, कडुनिंब लावा.

आणि फुटपाथ. रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेचा निकष किमान 1.8 मीटर मोकळ्या रुंदीचा, उंची जास्तीत जास्त 15 सेंटीमीटर. आपल्याकडे गुडघाभर उंच फुटपाथ, त्यात प्रत्येक दुकानापुढे उतार, मधेच विजेची डीपी. साडी नेसलेली म्हातारी बाई चढणार कशी? ती रस्त्यावरूनच चालते, मग रिक्षावाला तिच्यावरच खेकसतो. 2016 साली स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीसात आलो ना आपण! तर आधी नवी पेठेतली पार्किंगची जागा ठरवा, ट्रॅकचं मग बघू.