कॉफी कडू की आंबट? आणि तुरट कशाला म्हणायचं?

घरी एस्प्रेसोचं यंत्र येऊन दोन महिने झाले. पहिले तीन आठवडे बायको रोज सकाळी एक घोट घ्यायची आणि म्हणायची, "कडू झालीये." कडू म्हटल्यावर उपाय ठरलेला. दळण जाडसर करायचं, पाणी लवकर निघून जातं, कडवटपणा कपात कमी उतरतो. मी रोज ग्राइंडरची एक खाच जाड करत गेलो आणि कॉफी रोज आणखी वाईट लागत गेली. शेवटी वजनकाटा आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन बसलो. १८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, वेळ १४ सेकंद. लागायला हवेत २५ ते ३०. म्हणजे कॉफी कडू नव्हतीच, आंबटढाण होती! आम्लं पाण्यात आधी उतरतात, गोडवा नंतर, कडूपणा सगळ्यात शेवटी. आमचं पाणी पहिल्याच टप्प्यावर पळून जात होतं.

बायकोला आधी लिंबाची फोड चाटायला दिली, मग कॉफी. म्हणाली, "हो, हेच. पण कॉफीला आंबट कोण म्हणतं? आंबट म्हणजे ताक."

म्हणून प्रश्न: आपण मराठीत कॉफीच्या प्रत्येक दोषाला 'कडू'च म्हणतो का?

प्रतिसाद
म्हणतो. कारण आपला 'कडू' नुसती चव सांगत नाही, 'गोड नाही' एवढंच सांगतो. तापात तोंड कडू होतं, खायचं ते गोडं तेल आणि दिव्यातलं कडू तेल. गंमत म्हणजे शब्द आला 'कटु'वरून, पण आयुर्वेदात कटु म्हणजे तिखट. त्रिकटूमध्ये सुंठ, मिरी, पिंपळी असतात, त्यात कडू काय आहे? आपल्या कडूला तिथे 'तिक्त' म्हणतात. ज्या शब्दाने मुळातच घर बदललंय, त्याच्या भरवशावर दळणाची खाच फिरवू नये.

प्रतिसाद
मी द्राक्षवाला, दिंडोरीकडचा. तुम्ही दोघं तिसऱ्याला विसरताय. तुरट ही जिभेवरची चव कमी आणि स्पर्श जास्त. द्राक्षाची बी दाताखाली फोडून बघा. आधी जरा कडवट, मग जीभ खरखरीत होते, गालाला आतून कोरड पडते. वाइनमध्ये ते टॅनिन. लाळेतल्या प्रथिनांना धरतं, तोंडाचा बुळबुळीतपणा जातो. ओळखायला सोपं आहे: आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, तुरटाने असलेलं आटतं. कडू मागे घशाशी रेंगाळतं.
कॉफी तुरट लागली तर पूड नीट दाबली गेली नसेल. पाणी एखाद्या भेगेतून वाट काढतं, त्या वाटेवरची पूड पार पिळून निघते आणि बाजूची कोरडी राहते. मग एकाच कपात आंबट, कडू, तुरट सगळं.

मूळ लेखक
दादा, अगदी हेच व्हायचं! ग्राइंडर येण्याआधी पूड मिक्सरमध्ये दळत होतो तेव्हा.

प्रतिसाद
मिक्सर दळत नाही हो, तोडतो. पातं आहे ते. अर्धी भरड, अर्धं पीठ. भरडीतून आंबट, पिठातून कडू. दळतं ते जातं, आणि चांगल्या ग्राइंडरमध्ये दोन चकत्यांचं जातंच असतं. गिरणीत आपण "लाडवाला रवाळ", "भाकरीला बारीक" सांगतो, तसं एस्प्रेसोला काय सांगाल? मी म्हणेन, बारीक रव्याहून बारीक, पण वस्त्रगाळ नको. चिमटीत चोळल्यावर कण नुसता जाणवला पाहिजे. आणि चकत्याही झिजतात. आईच्या जात्याला टाकी लावायला माणूस यायचा. यांना टाकी लावता येत नाही, बदलाव्याच लागतात.

प्रतिसाद
कमी उतरलेल्या कॉफीला 'कच्ची' आणि जास्त उतरलेलीला 'कढलेली' म्हणा की. चहाला म्हणतोच. 'अपूर्ण निष्कर्षण' वगैरे नको, दात दुखतात.

प्रतिसाद
'कढलेली' चालेल, 'कच्ची'ला माझा विरोध. कॉफीत कच्ची म्हटलं की बी कमी भाजली असं वाटेल, आणि तो दोष वेगळा. भाजणीसाठी आपल्याकडे खमंग, खरपूस, करपट अशी चढती पायरी तयार आहे, तिथे हात लावू नका. करपट कॉफी दळण बदलून सुधारत नाही, पाकीट बदलावं लागतं. (करपट ढेकर आणि आंबट ढेकर यांतला फरक ज्याला कळतो, त्याला एस्प्रेसो शिकवायची गरज नाही.)

प्रतिसाद
पाण्याचं कुणी बोललंच नाही. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी मिसळतात. त्या पाण्यात कॉफी आंबटही नाही, कडूही नाही, मचूळ. जड पाण्यातले क्षार आम्लं मारून टाकतात. शिवाय यंत्रात आत पांढरा थर धरतो, किटलीत धरतो तसा. सपक आणि मचूळ एक नव्हेत बरं का. सपक म्हणजे चव कमी, मचूळ म्हणजे नको ती चव.

मूळ लेखक
'कच्ची' नको, 'उतरली नाही' म्हणेन. चहाचा रंग उतरतो तसं.
आज सकाळचा हिशेब: दळण तीन खाचा बारीक, १८ ला ३६ ग्रॅम, २७ सेकंद. बायको म्हणाली, "आंबूस आहे, पण आवडली." आंबटचं आंबूस झालं, यावर मी खाच आहे तिथेच ठेवली.
एक राहिलं. आंबटढाण, कडूजहर, तिखटजाळ, गोडमिट्ट. तुरटाच्या मागे असं काही लागलेलं माझ्या कानावर नाही. दिंडोरीकडे काय म्हणतात?

प्रतिसाद
आम्ही काही म्हणत नाही. थुंकतो.