मे महिन्यात टिकलं तरच त्याला स्टेबल म्हणा: नागपुरात ओव्हरक्लॉकिंग करावं का?

फुटाळ्याकाठी (धागा यांचा)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाद कशावर घालायचा ते कळेल. नागपुरात घरच्या डेस्कटॉपच्या प्रोसेसरचा क्लॉक, म्हणजे कामाचा वेग, हाताने वाढवणं (हेच ओव्हरक्लॉकिंग) सोडून द्यावं. रॅम ट्यून करावी, पण तिची परीक्षा मे महिन्यातल्या दुपारी घ्यावी. जानेवारीत पास झालेलं काहीही मी आता स्टेबल (न अडखळता चालणारं) मानत नाही.

मशीन साधी आहे. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० बोर्ड, टॉवर हीटसिंक, १६ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक. जानेवारीत खोलीत २० अंश होते. सगळे कोअर ४.६ गिगाहर्ट्झवर १.३० व्होल्टला बसवले. तासभराच्या रेंडरला तापमान ७६ वर थांबलं आणि मी खूश झालो. मेमध्ये त्याच खोलीत दुपारी तीनला ४० अंश. कूलर हॉलमध्ये, त्याची हवा माझ्या टेबलापर्यंत येईस्तोवर तिच्यातला गारवा संपलेला. तेच रेंडर ९७ वर गेलं आणि मशीन स्वतःहून रीस्टार्ट झाली.

यात गूढ काही नाही. हवेवर चालणारा हीटसिंक चिपला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही. खोली वीस अंशांनी तापली की चिपही तेवढीच तापते, वर तापलेल्या सिलिकॉनमधून गळतीचा करंट वाढतो तो वेगळा. आणि व्होल्टेजचा हिशोब फार महागडा आहे. चिपची वीज क्लॉकच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कंपनीच्या सेटिंगवर माझी चिप पूर्ण लोडला साधारण ४.३ गिगाहर्ट्झ आणि १.१५ व्होल्टला चालायची. ४.६ आणि १.३० केल्यावर वेग सात टक्के वाढला, वीज सदतीस टक्के. ती सगळी उष्णता मे महिन्यात माझ्याच खोलीत.

आता क्लॉक पुन्हा कंपनीच्या हवाली केलाय. फक्त कर्व्ह ऑप्टिमायझर उणे २० ठेवला, म्हणजे प्रत्येक क्लॉकला चिप थोडं कमी व्होल्टेज मागते. कंपनीने ठरवलेल्या ७६ वॉटच्याच मर्यादेत ४.४ गिगाहर्ट्झच्या आसपास मिळतात. राहिलेल्या २०० मेगाहर्ट्झसाठी घराची भट्टी करण्यात मला अर्थ दिसत नाही.

रॅमचं तसं नाही. सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर किती ठोके थांबायचं तो आकडा. ३२०० सीएल१६ म्हणजे पहिला डेटा यायला दहा नॅनोसेकंद. ३६०० वर सीएल१६ टिकवला तर ८.९. शिवाय ३६०० ला मेमरी (एका ठोक्याला दोनदा डेटा जातो, म्हणून खरा क्लॉक निम्मा) आणि चिपच्या आतले भाग जोडणारा फॅब्रिक दोघेही १८०० वर एकास एक चालतात. गेममधले झटके यानेच कमी झाले, प्रोसेसरच्या क्लॉकने नाही.

पण इथेही मे महिन्याने शिकवलं. रॅमच्या पेशीत बिट म्हणजे इवलासा चार्ज असतो आणि तो गळत राहतो, म्हणून मेमरी तो पुन्हा पुन्हा भरते. दोन भरण्यांमधलं अंतर म्हणजे टीआरईएफआय. डीडीआर४ चं ठरलेलं अंतर ७.८ मायक्रोसेकंद. मी हौसेने बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये, जास्तीत जास्त मिळणारा आकडा, ६५५३५ ठोके, टाकला होता. १८०० मेगाहर्ट्झला ते होतात ३६ मायक्रोसेकंद. जानेवारीत रात्रभर टेस्ट चालली, एकही एरर नाही. मेमध्ये ग्राफिक्स कार्डची गरम हवा स्टिकवर यायला लागली आणि वीस मिनिटांत एरर. उष्णतेने चार्ज लवकर गळतो, म्हणूनच ८५ अंशांच्या वर मानकच हे अंतर निम्मं करायला सांगतं. मी ते साडेचार पट करून बसलो होतो.

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा.

---

इतवारीकर

भाऊ, पटत नाही. मी पंधरा वर्षांपासून मशीन असेंबल करून राहिलो. तुमच्या अनुभवाबद्दल शंका नाही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकला. तुमची खोली हवेशीर नव्हती, एवढंच त्यातून सिद्ध होते.

माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. ‘कंपनीच्या हवाली केलं की चिप सुरक्षित’ हे गृहीत तुम्ही कुठून आणलं? एप्रिल २०२३ मध्ये रायझन ७००० च्या एक्सथ्रीडी (जास्त कॅश मेमरीच्या) चिप सॉकेटसकट जळाल्याच्या बातम्या आल्या. लोकांनी काय केलं होतं? बायोसमध्ये एक्सपो (रॅमची तयार वेगवान सेटिंग) चालू केलं, बस. बोर्डाने आपल्या मनाने एसओसी व्होल्टेज (चिपमधल्या मेमरी सांभाळणाऱ्या भागाचं) चढवून ठेवलं. नंतर एएमडीने त्याला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचं तर याहून वाईट. हात न लावलेल्या मशीन क्रॅश होत होत्या, कारण चिपच गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती. ऑगस्ट २०२४ च्या मायक्रोकोडने (चिपच्या आतल्या प्रोग्रामच्या अपडेटने) १.५५ व्होल्टच्या वरची मागणी बंद केली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून द्यावी लागली. ज्यांच्या चिप आधीच खराब झाल्या त्या त्याने दुरुस्त झाल्या नाहीत.

या दोन्ही वेळी वाचले कोण? ज्यांना व्होल्टेज वाचता येत होतं ते. ज्याने कधी हाताने १.२५ टाकून पाहिलं, निळा स्क्रीन खाल्ला, परत १.२७ केलं, त्याच्या नजरेला १.४५ लगेच खटकते. पोरांना ‘हात लावू नका’ सांगितलं तर ही नजर येणार कुठून? ओव्हरक्लॉकिंग हीच ती शाळा आहे. सात टक्के मिळाले की नाही हा मुद्दाच नाही.

---

रात्रपाळी

मी दोघांच्याही विरोधात आहे, आणि मूळ लेखाच्या जरा जास्तच. तुम्ही जिला निरुपद्रवी म्हणून सोडलंत ती रॅमच खरी धोक्याची जागा आहे.

प्रोसेसर ताणला तर तो बहुतेक वेळा आरडाओरडा करतो. मशीन अडकते, रीस्टार्ट होते, तुम्हाला कळतं. रॅममधला एक बिट उलटला तर काहीच होत नाही. फाइल सेव्ह होते, कॉपी होते, बॅकअपमध्येही जाते, आणि ती चुकीची असते.

मी घरून लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करतो. दोन वर्षांपूर्वी ३२०० ची रॅम ३७३३ वर नेली, टेस्टचे तीन राउंड पास केले आणि विसरून गेलो. चार महिन्यांनी एका कुटुंबाने जुने फुटेज पुन्हा मागितले. झिप उघडेना, सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा बदलल्याची खूण. दुसऱ्या ड्राइव्हवरची प्रत तपासली, तीही तशीच, कारण बिघडलेल्या फाइलचीच प्रत काढलेली. त्यात त्या मुलीच्या आजोबांचं शेवटचं चित्रीकरण होतं. त्यातली सतरा मिनिटं मला परत आणता आली नाहीत. त्या घरी जाऊन हे सांगताना काय वाटलं ते लिहीत नाही.

एक्सपोर्टला ३७३३ ने किती फरक पडत होता? घड्याळ लावून पाहिलं तर पाऊण तासाच्या कामात मिनिटभरही नाही. ज्या मशीनवर दुसऱ्याचा डेटा आहे, तिथे डीडीआर४ रॅम मानक वेगावर आणि १.२ व्होल्टवर. एक्सएमपी (एक्सपोसारखीच इंटेलची तयार सेटिंग) सुद्धा नाही, कारण तेही ओव्हरक्लॉकिंगच आहे.

---

कूलरची_ताटी

एक शंका. खोलीत वाळ्याच्या ताटीचा कूलर लावला आणि ती ओली हवा कॅबिनेटमध्ये गेली तर आतले पार्ट खराब नाही होणार का? आमच्या घरी याच भीतीने कॉम्प्युटरच्या खोलीत कूलर लावू देत नाहीत.

---

फुटाळ्याकाठी

ताटी, दव थंड वस्तूवर जमतं. चालू मशीनमधला प्रत्येक पार्ट खोलीपेक्षा गरम असतो, म्हणून आत पाणी जमत नाही. मे महिन्याची आपली हवा इतकी कोरडी असते की कूलरने खोली सहज आठ-दहा अंश उतरते, आणि चिपही जवळजवळ तेवढीच उतरते. महागड्या हीटसिंकनेही एवढा फरक पडेलच असं नाही. झोत थेट कॅबिनेटवर नको, थेंब उडतात. आणि ओलसर धूळ हीटसिंकच्या पात्यांत चिकटून बसते, तेव्हा जूनच्या आधी एकदा साफ करा. पावसाळ्यात कूलर जवळजवळ काहीच थंड करत नाही, तेव्हा हा उपाय विसरा.

इतवारीकर, व्होल्टेज वाचता यायला हवं, हे तुमचं शंभर टक्के मान्य. पण ती नजर व्होल्टेज कमी करतानाही येते. उणे २० पर्यंत जाताना मी उणे ३० ला चार वेळा पडलोच की. चढवूनच शिकलं पाहिजे हा जुन्या काळाचा आग्रह आहे. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए प्रोसेसरला बस (बोर्डाचा मूळ क्लॉक) ६६ ची १०० केली की ३०० मेगाहर्ट्झचा ४५० व्हायचा. पन्नास टक्के, फुकट! तेव्हा त्या शाळेची फी वसूल होत होती. आज ते सगळं बूस्टच्या नावाखाली कंपनीच काढून घेते.

रात्रपाळी, तुमचं वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. व्यवसायाच्या मशीनबद्दल मी माझं म्हणणं मागे घेतो. ते मूळ लेखात लिहायला हवं होतं.

---

हॉस्टेल_खोली_९

तुमच्या सगळ्यांकडे ग्राफिक्स कार्ड आहे, म्हणून असं बोलून राहिले. माझ्याकडे ५६००जी आहे, कार्ड घ्यायला पैसे नाहीत. चिपमधल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅमवरच जगते. आधी एकच २६६६ ची स्टिक होती, गेम चालतच नव्हता. बर्डीच्या बाजारातून तिचीच जोडी घेतली, दोन्ही ३६०० वर १.३५ व्होल्टला नेल्या आणि तोच गेम खेळण्याजोगा झाला. निम्मा फायदा दोन चॅनलचा, म्हणजे दोन स्टिक एकदम चालण्याचा, होता हे मान्य, पण उरलेला ट्यूनिंगचाच. माझ्या डेटात सबमिशनच्या फाइल, आणि त्याही ऑनलाइन ड्राइव्हवर. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढले की जास्त वेगाचा नवा संच घेणं माझ्या हातात नाही. आहे त्यातून काढायचं, नाहीतर बसून राहायचं.

---

इतवारीकर

नऊ नंबर, शाबास. टीआरईएफआय मात्र ऑटोवर ठेव, कॅबिनेटमध्ये मागून हवा बाहेर फेकणारा एक पंखा लाव, आणि टेस्ट गेमसोबत चालव. नुसती मेमरी टेस्ट स्टिकला तेवढं गरम करत नाही, तिथेच सगळे फसतात.

फुटाळ्याकाठी, तुमच्या मेवाल्या नियमाला माझं उत्तर: बायोसमध्ये दोन प्रोफाइल ठेवा. होळीला उन्हाळी लावा, दिवाळीला हिवाळी. गिऱ्हाईक ऐकणारं असलं तर मी तसंच करून देतो. हिवाळ्यात जे मिळते ते उन्हाळ्याच्या भीतीने कशाला सोडायचं?

आणि सॉफ्टवेअरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. ३० मे २०२४ ला नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आठवते ना? नंतर हवामान खात्यानेच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. बोर्डाचा सेन्सरही असाच चुकू शकतो. हीटसिंकच्या मागून निघणाऱ्या हवेला हात लावून पाहायची सवय ठेवा.

---

रात्रपाळी

डीडीआर५ मध्ये आता रॅमच्या चिपच्या आतच ईसीसी (चूक ओळखून सुधारणारी सोय) असते म्हणून बिनधास्त राहा, असं मला कालच एकाने सांगितलं. तसं नाही. ती रॅमच्या चिपच्या आतल्या पेशीतली चूक सुधारते. स्टिकपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर बिट बिघडला तर तिला पत्ताही लागत नाही, आणि वेग वाढवला की ताण त्या वाटेवरच येतो. खरी ईसीसी हवी तर तशी स्टिक आणि तिला साथ देणारे बोर्ड नि प्रोसेसर, तिन्ही लागतात.

दोन प्रोफाइलची कल्पना मला पटत नाही. होळीला बदलायचं विसरलं की झालं. मी स्वतः चार महिने विसरलो होतो.

---

फुटाळ्याकाठी

मीही विसरेन, म्हणून एकच प्रोफाइल. टीआरईएफआय ऑटोवर आणलाय, ३६०० आणि सीएल१६ तसेच. नवतपा (मेअखेरचे सर्वात तापट नऊ दिवस) लागला की २५ मेच्या दुपारी कूलर बंद करून, गेम आणि मेमरी टेस्ट सोबत, तीन तास चालवतो. एक जरी एरर आली तर ३२०० वर उतरेन आणि तसं इथे लिहीन. तोवर कामाच्या फायलींचा चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायचा आकडा) काढून वेगळ्या ड्राइव्हवर ठेवायला आज रात्रीपासूनच लागतो.